नाटकात नसलेली आई

दरवर्षी चैत्रात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या वडिलांची अब्रू जायची. साऱ्या गावादेखत जायची आणि गाव टाळ्या वाजवायचं.

मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यालगत आमचं गाव. जत्रेत पालखी, कुस्त्या आणि नाटक, एवढं ठरलेलं. नाटक गावातल्याच एका गुरुजींनी फार पूर्वी लिहिलेलं होतं आणि दरवर्षी तेच व्हायचं. त्यातले पाटील म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. एरवी ते भात लावणारे, बैलांशीसुद्धा हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. पण डोक्यावर फेटा आणि ओठावर मिशी चढली की त्यांचा आवाज ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचा.

नाटकाची गोष्ट साधी होती. पाटलाची मुलगी आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न करते आणि आशीर्वाद मागायला बापाच्या दारात येते. बाप म्हणतो, "या घराची अब्रू तुझ्या पदरात बांधून दिली होती. ती तू वाटेत सांडून आलीस. आता या उंबऱ्याला तुझी ओळख नाही!" आणि दार लावून घेतो. मुलगी विहीर जवळ करते. शेवटी पाटील विहिरीच्या काठावर बसून रडतो आणि पडदा पडतो. दादांचं ते वाक्य गावाला इतकं पाठ होतं, की उशिरा घरी आलेल्या म्हशीलासुद्धा कुणीतरी गोठ्याच्या दारात उभं राहून म्हणायचं, "ह्या उंबऱ्याला तुजी वळख न्हाई!"

मुलीचं काम गावातलाच एक सडपातळ तरुण लुगडं नेसून करायचा. पुढं शेजारच्या गावानं त्यांच्या नाटकात खरोखरची नटी आणली, आणि आमच्या देवळात बैठक बसली. "त्यांनी बाई आनली आन आपन अजून बाप्यालाच लुगडं नेसवतोय. गावाची काय इज्जत ऱ्हाती?" असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. तर गावाच्या इज्जतीसाठी नटी ठरली. पण तिला उतरवायचं कुणाच्या घरात, म्हटल्यावर ज्याची त्याची इज्जत आडवी आली. कुणाच्या घरात सासू आजारी होती, कुणाकडं पाहुणे यायचे होते. शेवटी दादा म्हणाले, "माझी पोरगी व्हनार हाय न्हवं ती? मग माझ्याच घरी उतरंल."

आईला हे दादा घरी आल्यावर कळलं. तिनं चुलीतली लाकडं जरा जोरात पुढं सारली.

मी तेव्हा भोरला कॉलेजात होते. मराठी घेऊन बी. ए. करत होते आणि भोरमध्ये मामाकडं राहत होते. जत्रेसाठी घरी आले, त्याच दुपारी पडदे आणि कपडे घेऊन भोरचा टेम्पो आला. पडद्यांचा मालक भोरचाच एक मुसलमान गृहस्थ होता. या भागातल्या सगळ्या जत्रांचे राजवाडे आणि जंगलं त्याच्याच घरच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असायची. त्याच्या शेजारच्या सीटवरून नटी उतरली. सावळी, पस्तिशीची, केसांत गजरा नाही, हातात एक रेक्झिनची पिशवी. मी मनात रंगवलेली नटी फार वेगळी होती.

आईनं तिला चहा दिला तो कोनाड्यातल्या कपातून. तो कप गड्यांसाठी वेगळा ठेवलेला असायचा. नटीनं ते ओळखलं असणार. चहा पिऊन झाल्यावर तिनं कप स्वतः विसळला आणि कुणी न सांगता परत त्याच कोनाड्यात नेऊन ठेवला. मग ती दादांकडं वळून म्हणाली, "बरं, तुमच्या नाटकात मी मरते कशी? विहीर का विष?"

"विहीर," दादा म्हणाले.

"बरं झालं. विषाला तडफडावं लागतं. विहिरीला नुसतं आत पळत जायचं." मग माझ्याकडं बघून हसली. "सगळ्या नाटकांत मी मरतेच, ताई. अब्रू बापाची जाते, मरते मी. फक्त कशानं, तेवढं विचारून घ्यायचं."

मला हसू आलं. आई मात्र पाठ करून भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला होता.

त्या वर्षी नाटक फार रंगलं. नटीचा आवाज पाण्यासारखा स्वच्छ होता, आणि ती दारात उभी राहून "आबा, एकदा दार उघडा" म्हणाली तेव्हा बायांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. दुसऱ्या दिवशी देवळापुढं सत्कार झाला. नटांना, पेटीवाल्याला टोपी, टॉवेल आणि नारळ हातात दिले. नटीचा नारळ टेबलावर ठेवला. तिनं तो उचलून घ्यायचा, असं. रात्री तिच्यासाठी रडलेल्या बाया चार हात लांब उभ्या राहून तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र खरं का खोटं यावर कुजबुजत होत्या.

दोन वर्षं असंच झालं. ती यायची, आमच्याकडं उतरायची, माझ्या अंथरुणाशेजारी झोपायची. तिचा नवरा तिला टाकून गेला होता आणि मुलगी पुण्यात आजीकडं शिकत होती, हे तिनं मला सांगितलं. आई तिला जेवायला वाढायची, पण दोघींचं बोलणं "आणखी घ्या" आणि "पुरे" एवढंच.

तिसऱ्या वर्षी नाटकाच्या दिवशी दुपारी आम्ही तिघी माजघरात पुरणपोळीसाठी डाळ निवडत होतो. नटीनं सहज विचारलं, "तुम्ही आमचं नाटक कसं वाटलं, ते कधी सांगितलं न्हाई."

"म्या बगत न्हाई," आई म्हणाली.

"दोन्ही वर्षं? मालक एवढं काम करतात आन तुम्ही एकदाबी न्हाई?"

"घरात कामं असत्यात."

मी तोवर याचा विचारच केला नव्हता. आई नाटकाला कधीच येत नाही हे मला माहीत होतं, पण ती का येत नाही हा प्रश्न पडला नव्हता. आई म्हणजे घरी, एवढंच डोक्यात होतं.

नटीनं डाळीतला खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "एक सांगू? इतकी नाटकं केली मी अब्रूची. एकातबी आई नसते. पोरगी लहान असतानाच वारलेली असते. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं ना. आई ठेवली तर दार लावायचं कुणी?"

आईनं सूप खाली ठेवलं. ती उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. नटी घाबरून म्हणाली, "काय चुकलं का माझं?" मलाही माहीत नव्हतं.

आई आत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ती माझ्याशी बोलत नव्हती, नटीशीच बोलत होती. म्हणाली, "मला एक धाकटी भन हाय."

मला मावशी आहे हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आईनं सांगितलं ते असं. तिची धाकटी बहीण भोरजवळच्या त्यांच्या गावातून एका ट्रकच्या मिस्त्रीबरोबर निघून गेली आणि लग्न केलं. मिस्त्री आमच्यातला नव्हता. आजोबांनी साऱ्या घराला नदीवर नेऊन तिच्या नावानं आंघोळ करायला लावली. म्हणजे घराच्या लेखी ती मेली. आईचं तेव्हा लग्न झालेलं होतं, मी तिच्या कडेवर होते. तिलाही निरोप आला आणि तिनंही इथं, आमच्या मोरीत, डोक्यावरून पाणी घेतलं. त्यानंतर वर्षभरात दादांना पाटलाचं काम मिळालं.

"तवापास्नं कानावर ते वाक्य आलं की मला मोरीच दिसती," आई म्हणाली. "त्यास्नी काय बोलू? त्यांचं नाटकच हाय ते."

"बहीण कुठं असते?" नटीनं विचारलं.

"कापूरहोळला. ढाब्याच्या मागं गॅरेज हाय म्हनत्यात."

मी दर सोमवारी एसटीनं भोरला जायचे आणि दर शनिवारी परत यायचे. प्रत्येक खेपेला गाडी कापूरहोळच्या फाट्यावर थांबायची. आई कधी बरोबर असली की तिथं बरोबर डोळे मिटून घ्यायची. गाडी लागते म्हणून, असं मला वाटायचं.

नटी म्हणाली, "ताई, मी मरते आन टाळ्या पडल्या की उठून चहा पिते. तुमची बहीण जिती हाय का, बघायला कोण गेलं?"

आईनं सूप पुन्हा हातात घेतलं. पण त्या दिवशी संध्याकाळी तिनं जरीकाठाचं लुगडं नेसलं आणि ती नाटकाला आली. बायांमध्ये पुढं बसली. दादा दार लावायच्या प्रवेशात आले, वाक्य सुरू केलं आणि मधेच त्यांची नजर आईवर गेली. ते वाक्य पुरं झालं, पण त्या वर्षी ते ओढ्यापलीकडं ऐकू गेलं नसणार.

दुसऱ्या दिवशी सत्काराच्या आधी आईनं शेजारपाजारच्या बायांना घरी बोलावलं. नटीला पाटावर बसवलं. नटी गडबडून उठायला लागली. "माझी नका भरू, ताई. माझा नवरा…"

"बसा खाली," आई म्हणाली. "त्याला इचारून भरत न्हाई मी." आणि तिनं हळदीकुंकू लावून, खण, तांदूळ आणि नारळानं तिची ओटी भरली. बाया दारात उभ्या होत्या. एक म्हातारी पुढं झाली, तिनंही कुंकू लावलं. तिच्यामागून आणखी दोघी. बाकीच्या गेल्या निघून. पुढं महिनाभर पाणवठ्यावर आईशी काहीजणी बोलत नव्हत्या, ते आईनं मनावर घेतलं नाही.

जत्रेनंतरच्या सोमवारी मी भोरला निघाले तर आईही पिशवी घेऊन तयार. दादा ओट्यावर बसले होते. आई त्यांना म्हणाली, "अवो, मी कापूरहोळला जाऊन येते. धाकटीकडं."

दादा तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मी कदी आडवलं का तुला?"

"जा बी कदी म्हनाला न्हाई."

दादा उठले आणि आत गेले. ते बाहेर आले ते तांदळाची पिशवी घेऊन. आंबेमोहर होता, सणासाठी राखून ठेवलेला. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधत म्हणाले, "मोकळ्या हातानं जाऊ नगं."

कापूरहोळला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ढाब्यांवरून फोडणीचा आणि रस्त्यावरून डिझेलचा वास येत होता. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, त्यानं बोट दाखवलं. गॅरेजच्या पत्र्याखाली एक बाई शिवणयंत्रावर ट्रकच्या सीटचं कव्हर शिवत होती. लालभडक रेक्झिन तिच्या मांडीवरून जमिनीपर्यंत लोळत होतं. तिनं मान वर केली. पाय अजून चालूच होता, सुई पुढं धावत होती. मग पाय थांबला.

"अक्का," ती म्हणाली, "किती वाळलीस गं."

आईनं तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुज्या नावानं आंगूळ केली गं आमी."

"म्हाईत हाय. एकानं येऊन सांगितलं हुतं." मावशी रेक्झिन बाजूला सारत उठली. "म्या म्हनलं, चला, त्या निमित्तानं आंगूळ तरी केली समद्यांनी."

आई रडता रडता हसायला लागली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या का रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. टायर घेऊन आलेला एक ड्रायव्हर संकोचून परत रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

आईनं माझ्याकडं बोट केलं. "ही माजी पोरगी."

"हिला काय सांगतीस? हिला म्या दर सोमवारी बगते," मावशी म्हणाली. "भोरच्या गाडीत खिडकीला बसती. तुज्यावानीच नाक. कदी हात क्येला न्हाई. म्हनलं, पोरीला घरी बोलनी बसायची."

एवढ्या वेळा गाडी तिथं थांबली होती. मी खिडकीतून ढाब्यावरच्या पाट्या वाचत बसायचे.

मिस्त्री आले. बारके, कमी बोलणारे. हात काळे होते म्हणून नमस्कार कोपरं जोडून केला. ढाब्यावरून थंडा मागवला आणि आईला "अक्का, घ्या" म्हणाले, जणू ते रोजच तिला अक्का म्हणत आले होते. मावशीची दोन पोरं शाळेतून आली, तेव्हा आईनं त्यांना जवळ ओढून घेतलं आणि पहिल्यांदा त्यांची नखं बघितली. ती आमचीही आधी नखंच बघायची.

त्या आठवड्यात कॉलेजात सर वर्गाला साहित्यातल्या प्रतिष्ठेविषयी शिकवत होते. घराण्याची प्रतिष्ठा, शब्दाची प्रतिष्ठा, वीराची, राजाची. मी वर्गात सहसा बोलत नसे. त्या दिवशी उभी राहिले आणि विचारलं, "सर, या गोष्टींत मुलीची आई कुठं असते?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मला आत्ता सांगता येणार नाही. बघून सांगतो." आणि पुढच्या आठवड्यात ते खरोखर बघून आले. म्हणाले, "बऱ्याच ठिकाणी वारलेली आहे. जिथं आहे तिथं स्वयंपाकघरात रडते आहे. तुमचा प्रश्न चांगला होता." तो दिवस माझ्या कॉलेजातला सगळ्यात मोठा दिवस. तो प्रश्न माझा नव्हता, हे मात्र मी सांगितलं नाही. कुणाचा होता ते सांगायचं तर आमच्या माजघरापासून सुरुवात करावी लागली असती.

नटी त्यानंतर आणखी काही वर्षं येत राहिली. आई तिच्यासाठी जत्रेच्या आधी दोन दिवस कुरडया काढून ठेवायची, तिच्या मुलीसाठी न्यायला. पुढं तरुण पोरांना नाटक जुनाट वाटायला लागलं, जत्रेत ऑर्केस्ट्रा आला आणि पडद्यांचा टेम्पो यायचा थांबला. नटीचा पत्ता आमच्याकडं कधी नव्हताच. मोबाईल येईपर्यंत ती कुठल्या गावची जत्रा करते आहे तेही कळेनासं झालं. दादांचा फेटा अजून पेटीत आहे. तो त्यांनी कुणाला दिला नाही.

दोन हजार सालानंतर माझं लग्न ठरलं. मांडव आमच्या दारातच घालायचा होता. आई मावशीला साडी घेऊन आमंत्रण करून आली, आणि दुसऱ्या दिवशी भोरहून मामा आला. मी त्याच्या घरी राहून शिकले होते. त्यानं मला कधी परकं वाटू दिलं नव्हतं. पण बहिणीचा विषय त्याच्या घरात निघत नसे. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "ती येनार असंल तर मी येत न्हाई. वडलांनी जे क्येलं ते मी मोडनार न्हाई."

आईनं त्याला पाणी दिलं. शांतपणे म्हणाली, "नगा येऊ. पर अक्षता पडताना मामा म्हनून पोरीच्या मागं कोन हुबं ऱ्हानार, त्येवढं तुमीच सांगून जावा. भावकीतला कोन बगू का?"

मामा पाणी न पिताच गेला.

लग्नाच्या दिवशी तो आला. नवा फेटा बांधून, सगळ्यांच्या आधी आला. आपला मान दुसऱ्या कुणाला द्यायला त्याचं मन झालं नाही. मावशीकडं मात्र त्यानं बघितलं नाही. मला हाताला धरून बोहल्यापाशी आणलं आणि माझ्या मागं उभा राहिला. मांडव लहान होता, माणूस फार. मावशी, मिस्त्री आणि त्यांची पोरं मांडवाच्या कडेला, उन्हात उभी होती.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मला मागं वळून बघता येत नव्हतं, पुढं फक्त पांढरं कापड आणि त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक. दुसऱ्या मंगलाष्टकाला माझ्या पाठीमागं मामाचा आवाज आला, दबका आणि चिडलेला.

"तिकडं उनात का हुबी? हिकडं ये की."

कुणीतरी कुणाला तरी बाजूला सरकवलं. बांगड्या वाजल्या. रेक्झिनचा आणि खोबरेल तेलाचा वास माझ्या डाव्या खांद्यापाशी आला. भटजी "सावधान" म्हणाले आणि अक्षता पडायला लागल्या. समोरून पडत होत्या त्या नवऱ्याकडच्यांच्या, एवढं कळत होतं. मागून पडणाऱ्या मात्र एकदम, ओंजळी भरभरून येत होत्या, आणि त्यांतल्या कुठल्या मामाच्या नि कुठल्या मावशीच्या ते मला कळत नव्हतं.